धाकटा ड्रायस

मागच्या एका मे महिन्यात आम्ही बरनला गेलो होतो. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, क्लेअर परगण्यात हा प्रदेश आहे. लांबवर पसरलेला करडा चुनखडक, त्यात उभ्याआडव्या भेगा, खाली अटलांटिक. पहिल्या नजरेत उजाडच वाटतो. बायको म्हणाली, "हे बघायला इतक्या लांब आलो?" आणि तेवढ्यात पायाशी फुलं दिसली. पांढऱ्या आठ पाकळ्या, मध्ये पिवळा पुंजका, आणि खडकाला चिकटून पसरलेली सतरंजीसारखी हिरवी पानं.

ड्रायस ऑक्टोपेटाला! नाव मला पाठ होतं, झाड मात्र कधी पाहिलं नव्हतं. झाड तरी कसं म्हणायचं, चार बोटं उंचीचं झुडूप ते. पण खोड लाकडी असतं आणि एकेक झुडूप शंभर वर्षंसुद्धा जगतं. गुलाबाच्या कुळातलं आहे. मुख्यतः आल्प्सच्या उंच उतारांवर आणि आर्क्टिकच्या उघड्या माळांवर वाढतं.

नाव दिलं कार्ल लिनियसने. १७३२ साली, पंचविशीत, तो लॅपलंडच्या डोंगरांत भटकून आला. पानाची कातरलेली कड त्याला ओकच्या पानासारखी वाटली, म्हणून ग्रीक पुराणातल्या ओकवृक्षांच्या अप्सरांचं नाव या बोटभर झुडपाला! थट्टा करायची हौस होती बुवाला.

पण त्याच्या नावाने एक अख्खा काळ ओळखला जाईल, हे लिनियसच्याही डोक्यात आलं नसेल. ते झालं पानामुळे. पान जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचं, पण चामड्यासारखं चिवट, खालून पांढरी लव. तळ्याच्या चिखलात पडलं की दबून राहतं. १८७० च्या सुमारास आल्फ्रेड नाथॉर्स्ट नावाच्या विशीतल्या स्वीडिश पोराला दक्षिण स्वीडनच्या स्कोने भागातल्या चिकणमातीत अशी पानं सापडली. जिथे आज गव्हाची शेतं आहेत, तिथे एकेकाळी आर्क्टिकसारखा माळ होता याचा तो पुरावा.

खरी गंमत पुढे, १९०१ मध्ये. कोपनहेगनच्या उत्तरेला आलेरॉड इथे विटांच्या कारखान्याची मातीची खाण होती. तिथल्या थरांचा अभ्यास निकोलाय हार्ट्झ आणि विल्हेल्म मिल्थर्स यांनी प्रसिद्ध केला. तळाच्या मातीत ड्रायसची पानं. वर गाळाचा काळसर थर, त्यात बर्चचे अवशेष (आपल्या भूर्जपत्राच्या झाडाचा भाऊबंद). आणि त्याच्यावर पुन्हा माती, पुन्हा ड्रायस! म्हणजे थंडी सरली, झाडं आली, आणि मग थंडी परत आली. विटांसाठी माती काढता काढता हे उघडं पडलं, हे मला फार आवडतं.

ती परत आलेली थंडी म्हणजे 'यंगर ड्रायस', धाकटा ड्रायस. साधारण १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीचा काळ. उत्तर अटलांटिकमध्ये वितळलेल्या बर्फाचं गोडं पाणी शिरलं आणि उष्ण पाणी उत्तरेला नेणारा प्रवाह मंदावला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. ते पाणी कोणत्या वाटेने आलं यावर भांडणं चालूच आहेत. १९८९ साली विली डान्सगार्ड आणि सहकाऱ्यांनी ग्रीनलंडच्या बर्फावरून दाखवलं की हा काळ संपताना दक्षिण ग्रीनलंडचं तापमान सुमारे ५० वर्षांत ७ अंशांनी चढलं. ५० वर्षं! म्हणजे आजोबा आणि नातू यांना दोन वेगळी हवामानं. त्या काळात आपला नैऋत्य मोसमी पाऊससुद्धा दुबळा झाला होता, हे अरबी समुद्राच्या तळातल्या गाळावरून दिसतं.

मग प्रश्न पडतो, थंडी गेली, सपाटीवर जंगल आलं, तर हे झुडूप बरनला कसं टिकलं? इथे हिवाळा सौम्य, समुद्र हाकेवर. तर या झुडपाचं खरं वैर उन्हाळ्याशी नाहीच, सावलीशी आहे. वर झाड उभं राहिलं की हे संपलं. आलेरॉडच्या मधल्या थराकडे मी तेव्हापासून याच नजरेने बघतो.

आणि बरनला झाडं दूर ठेवतात ती गुरं. आपले धनगर पावसाळा सरल्यावर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, आल्प्समध्ये गुरं उन्हाळ्यात डोंगरावर जातात. इथे चाल उलटी. शेतकरी थंडीत गुरं वर हाकतात, कारण चुनखडक ऊब धरून ठेवतो आणि जमीन कोरडी राहते. गुरं वाळकं गवत खातात, हेझलचे कोंब खुडतात, आणि उन्हाळ्यात ती खाली गेली की फुलांना मोकळं रान. गेल्या काही दशकांत ही प्रथा जिथे जिथे सैल पडली, तिथे हेझलची झुडपं पसरली.

परतताना उतारावर तसंच एक हेझलचं रान लागलं, माझ्या कमरेइतकं. मी वाकून आत शोधलं. खाली ओलं शेवाळ होतं, पानं कुजत होती. ड्रायसचं एकही पान नव्हतं. दहा पावलांवर, उघड्या खडकावर, पुन्हा सतरंजी अंथरलेली.