सरासरीत लपलेली माणसं

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलातल्या बरिल क्रोन, लिऑन गिंझबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागाला सूज आणणाऱ्या एका आजारावर निबंध छापला. नावं वर्णानुक्रमे लागली आणि आजार क्रोनच्या खात्यावर जमा झाला. ग्लासगोच्या केनेडी डॅल्झिएल या सर्जनने १९१३ सालीच असे रुग्ण नोंदवले होते. दिसायला टीबीसारखा, पण टीबीचा जंतू काही सापडत नाही, असं त्याचं कोडं होतं. भारतातले डॉक्टर आजही याच कोड्याशी झगडतात.

हा आजार काही घराण्यांत जास्त दिसतो, म्हणजे कुठेतरी जनुकं असणार. १९९६ साली ज्याँ-पिएर ह्यूगो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सोळाव्या गुणसूत्राकडे बोट दाखवलं. पुढे कुणाला तो धागा सापडला, कुणाला नाही. कारण साधं होतं: प्रत्येक चमूकडे मोजकीच कुटुंबं होती आणि जो तो आपापल्या फ्रीझरवर बसून होता. शेवटी १२ केंद्रांनी ६१३ कुटुंबांची माहिती एकत्र केली, तेव्हा २००१ साली संशय फिटला. त्याच वर्षी दोन स्वतंत्र गटांनी त्या गुणसूत्रावरचं नॉड-२ हे जनुक जाहीर केलं.

नॉड-२ तसं मोठं सावज. बाकीच्या जनुकांचा परिणाम इतका बारीक, की हजारो माणसं मोजल्याशिवाय तो दिसतच नाही. २००७ साली ब्रिटनमधल्या वेलकम ट्रस्टच्या प्रकल्पाने सात आजारांचे प्रत्येकी सुमारे २,००० रुग्ण घेतले आणि तुलनेला ३,००० जणांचा एकच सामाईक गट. त्यातले निम्मे रक्तदाते होते, निम्मे मार्च १९५८ च्या एका आठवड्यात जन्मलेले लोक. मिळालेल्या २४ खुणांपैकी ९ एकट्या क्रोन्सच्या. पुढच्या वर्षी तीन अभ्यासांचा डेटा एकत्र करून हा आकडा तिशीपार गेला. तोवर अशा अभ्यासांतली सरासरी, म्हणजे कुठल्या स्थानी कुठलं अक्षर किती टक्के रुग्णांत आहे, ती इंटरनेटवर कुणालाही उतरवून घेता यायची. सरासरीत कुठे कुणाचं नाव असतं?

ऑगस्ट २००८ मध्ये नील्स होमर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की असतं.

मला या इतिहासातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो, कारण त्याला जीवशास्त्र फारसं लागत नाही. समजा एका स्थानी रुग्णांच्या यादीत ‘ए’ हे अक्षर ३०.१ टक्के आहे आणि सर्वसाधारण लोकांत ३०. तुमच्याकडे ‘ए’ असेल तर यादी तुमच्या बाजूला केसभर झुकलेली आहे. एका स्थानावरून काहीच ठरत नाही. पण अशी लाखो स्थानं घेऊन ती केसभर झुकणी बेरजेला लावली, की तुम्ही यादीत आहात की नाही ते कळतं. आणि यादी क्रोन्सच्या रुग्णांची असेल, तर तुमचा आजारही कळतो. अट एवढीच, की तुमची जनुकीय माहिती आधी शोधणाऱ्याच्या हाती हवी. थोडक्यात, बारीक परिणामांची बेरीज करून ज्यांनी जनुकं शोधली, त्याच बेरजेने माणूसही सापडत होता. अमेरिकेच्या एनआयएचने आणि वेलकम ट्रस्टने सरासऱ्यांचे ते तक्ते सार्वजनिक जागेवरून उतरवले. त्यानंतर समितीकडे अर्ज, संस्थेची हमी, मग डेटा, असा नियम एनआयएचकडे २०१८ सालापर्यंत होता. कुलूप योग्यच होतं असं मला वाटतं. पण ‘नाव काढून टाकलं की झालं’ हे वाक्य संमतिपत्रांतून त्याच दिवशी जायला हवं होतं.

गेलं नाही. माझ्या मावसबहिणीला क्रोन्स आहे. मागच्या वर्षी तिच्यापुढे रक्त आणि आतड्याचा तुकडा संशोधनासाठी देण्याचा फॉर्म आला. “तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस ना, वाच आणि सांग,” म्हणाली. त्यात ते वाक्य होतंच. मी तिला होमरची बेरीज कागदावर करून दाखवली. तिने विचारलं, “मग देऊ नको?”

यावर मी तिला दोन गोष्टी सांगितल्या. युरोपीय रुग्णांत नॉड-२ चे जे तीन बदल नेहमी आढळतात, ते वेल्लोरच्या डॉक्टरांनी २००८ साली भारतीय क्रोन्स रुग्णांत शोधले; सापडले नाहीत. म्हणजे पॅरिसमध्ये सापडलेली किल्ली आपल्या कुलपाला लागतेच असं नाही. आणि २०१५ साली अनेक वंशांच्या लोकांना धरून जो मोठा अभ्यास झाला, त्यात युरोपीय माणसं होती ८६,६४०. पूर्व आशियाई, भारतीय आणि इराणी सगळी मिळून ९,८४६.

तिने सही केली. फॉर्ममध्ये, पुढे कधी नमुना परत मागायचा झाला तर कुणाला भेटायचं, ती जागा कोरी होती. ती भरून आणल्याशिवाय मात्र तिने रक्त दिलं नाही.