पिवळ्या रेषेचा माग

विजयदुर्गाच्या तटावरचे ‘साहेबाचे ओटे’ दाखवताना हमखास सांगितले जाते, की १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास ग्रहणात लॉकियरसाहेबाने इथूनच हेलियम शोधला. नॉर्मन लॉकियर त्या दिवशी इंग्लंडमध्ये होता. तो विजयदुर्गास आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी.

पण ही दंतकथा खोडून थांबावे, असे मला वाटत नाही. १८६८च्या ग्रहणाची सावली खरोखरच आपल्या भागावरून गेली होती. गुंटूरला फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन होता, तर पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल, विल्यम हर्शेलचा नातू, वर्णपटदर्शक लावून बसला होता. ढगांनी त्याला छळले. तरी ऐन वेळी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांत त्याला तीन ठळक रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी आणि निळी. नारिंगी रेषा त्याने सोडियमची मानली. तसे वाटणे स्वाभाविकच होते. सोडियमची जोडरेषा तिला अगदी खेटून आहे.

ती सोडियमची नाही, हे लॉकियरने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहणाशिवाय, सूर्याच्या कडेवर दुर्बीण रोखून दाखवले. पृथ्वीवर कुणाला ठाऊक नसलेल्या द्रव्याला त्याने सूर्याचे नाव दिले. ‘कागदावरचे मूलद्रव्य’ म्हणून थट्टाही झाली. शेवटी १८९५ साली रॅम्झीला युरेनियमच्या एका खनिजातून तोच वायू मिळाला. हे खनिज युरेनियमचेच का, याचा उलगडा व्हायला आणखी बारा-तेरा वर्षे लागली.

मधल्या १८९८च्या ग्रहणात पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले प्रा. कावसजी नेगमवाला यांनी जेऊरला तळ ठोकला. (नगरकरांनी आपले जेऊर समजू नये. हे करमाळा तालुक्यातले, रेल्वेलगतचे. कर्जत-जामखेडची शीव तिथून लांब नाही.) अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेलही तिथेच होता. सगळे सूर्याच्या कडेचे वर्णपट टिपत होते. अणू फुटतो, हे त्यांच्यापैकी कुणाच्या डोक्यात असण्याचे कारण नव्हते.

पुढच्याच वर्षी रुदरफोर्डने युरेनियमच्या किरणांपैकी एका प्रकाराला ‘अल्फा’ म्हटले. हे अल्फा कण म्हणजे काय? मँचेस्टरला १९०८मध्ये त्याने आणि रॉइड्सने रेडियमपासून निघणारा वायू इतक्या पातळ काचेच्या नळीत कोंडला, की अल्फा कण काचेतून आरपार जावेत, पण वायू आतच राहावा. बाहेरून दुसरी, निर्वात केलेली नळी. काही दिवसांनी तिच्यात साठलेल्या वायूतून विजेचा प्रवाह सोडून पाहिले तर समोर तीच पिवळी रेषा! जमखंडीच्या आकाशात हर्शेलला फसवणारी रेषा इथे साक्षीदार होऊन उभी राहिली. अल्फा कण म्हणजे विद्युतभारित हेलियम अणू. एक मूलद्रव्य दुसरे प्रसवते, आणि अणू अभेद्य नाही.

मग हाच कण हत्यार झाला. १९०९ साली गायगर आणि मार्सडेन यांनी तो धातूच्या पातळ पत्र्यांवर सोडला. बहुतेक कण सरळ पार गेले; प्लॅटिनमवरून मात्र आठ हजारांत एखादा चक्क मागे फिरला. जवळजवळ सगळे वस्तुमान मधोमध एका सूक्ष्म ठिकाणी एकवटले असल्याशिवाय हे शक्य नाही, असे गणित रुदरफोर्डने १९११मध्ये मांडले. हेलियमच्या गाभ्यानेच सोन्या-प्लॅटिनमचा गाभा दाखवून दिला होता.