विहीर एक, मालक चार : /प्रॉकची गोष्ट

मागच्या महिन्यात जळगावातल्या एका क्लायंटचा सर्व्हर बघत होतो. रॅम ८ जीबी. 'टॉप' लावून पोस्टग्रेसच्या सगळ्या प्रोसेसच्या आरईएसची बेरीज केली, तर ११ जीबी! आणि स्वॅप रिकामं. साहेब म्हणाले, "रॅम मागवून टाका." मी म्हटलं, सर, जरा थांबा.

मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅकला हा प्रश्नच नव्हता. ४० बिटचे २०४८ शब्द, म्हणजे जेमतेम १० केबी मेमरी. वाटेकरीच नाहीत, तर भांडण कसलं?

युनिक्सवर एकाच वेळी अनेक प्रोसेस नांदायला लागल्या. आत डोकवायचं तर 'पीएस' थेट कर्नलची मेमरी चाळायचा, आणि डीबगर पीट्रेसने एकेक शब्द मागायचा, तोही आपल्याच चाइल्ड प्रोसेसचा. १९८४ मध्ये बेल लॅब्सच्या टॉम किलियनने सरळ म्हटलं, प्रत्येक चालू प्रोसेस म्हणजे एक फाइल समजा. उघडा, हव्या त्या पत्त्यावर जा, वाचा. हीच /प्रॉक. लिनक्सने ती उचलली आणि कितीतरी वाढवली.

पण आरईएसची गंमत बघा. आपल्याकडे चार भावांत एक सामाईक विहीर असते. कुणालाही विचारा, "आमची विहीर आहे ना!" मोजणारा चार विहिरी लिहून घरी जातो. पोस्टग्रेसचे शेअर्ड बफर्स तसेच, ज्या ज्या प्रोसेसने हात लावला तिच्या नावावर अख्खे.

२००५ मध्ये लिनक्स २.६.१४ मध्ये 'स्मॅप्स' आलं, सामाईक आणि खाजगी वेगळं दिसू लागलं. २००८ मध्ये २.६.२५ ने पीएसएस दिला: ४ केबीच्या पानाला चार वाटेकरी, तर प्रत्येकाच्या नावावर १ केबी. किलियनची कल्पना मोठी खरी, पण मला हा हिशेबच जास्त आवडतो.

फक्त एक लक्षात ठेवा. एक भाऊ हिस्सा सोडून गेला तर विहीर लहान होत नाही, उरलेल्यांचा वाटा वाढतो. म्हणून प्रोसेस मारून किती मेमरी सुटेल हे बघायचं तर खाजगी पानांचा आकडा बघायचा, पीएसएस नाही.

आमच्या सर्व्हरवर पीएसएसची बेरीज ३ जीबीच्या आसपास निघाली. रॅमची ऑर्डर थांबली. साहेबांना मात्र अजूनही 'टॉप'चाच आकडा खरा वाटतो.