निराश्रितांचा निवारा, वऱ्हाडातील

स्वतःचे घर वा कायमचा निवारा नसलेल्या व्यक्तीस निराश्रित म्हणतात. जनगणनेत, इमारतीत न राहता रस्त्याच्या कडेला, पुलाखाली, देवळाच्या ओट्यावर वा उघड्यावर राहणाऱ्यांची गणना ‘बेघर’ म्हणून होते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात त्यांची संख्या १७·७ लाखांहून अधिक होती.

वाटसरू, यात्रेकरू व अनाथ यांना आसरा देणे हे पूर्वी पुण्यकृत्य मानले जाई. धर्मशाळा आणि सदावर्ते त्यातूनच निर्माण झाली; मात्र त्यांचे दार सर्वांना सारखेच उघडे नव्हते. पंढरीच्या वारीस गेलेल्या अस्पृश्य वारकऱ्यांना बहुधा उघड्यावरच रात्र काढावी लागे. ही उणीव वऱ्हाडातील गाडगे महाराज (१८७६–१९५६) यांनी ओळखली. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावी जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकर यांनी १९०५ मध्ये गृहत्याग केला. हाती खराटा, डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्या असा त्यांचा वेष असे. कीर्तनातून जमलेल्या पैशांतून त्यांनी नाशिक, आळंदी, देहू, पंढरपूर इ. ठिकाणी धर्मशाळा उभारल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा अस्पृश्यांसाठी होती. ती पुढे त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही त्यांनी धर्मशाळा बांधली. खेड्यातून रोगी आणणाऱ्याला शहरात बहुधा पाठ टेकायला जागा नसते. लक्षावधी रुपयांच्या या वास्तूंत ते स्वतः राहिले नाहीत, आणि आप्तांनाही त्यांवर हक्क सांगू दिला नाही. चांदूर बाजार तालुक्यातील नागरवाडी येथे त्यांच्या कार्याचे एक केंद्र आहे. अमरावतीकडे नेले जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले, तेही वाटेतच.

त्यानंतर तीन वर्षांनी झालेल्या मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियमाची (१९५९) दृष्टी निराळी आहे. उपजीविकेचे दृश्य साधन नसून सार्वजनिक जागी भटकणाऱ्यालाही त्याने भिक्षेकऱ्यांत गणले आणि अशास पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी-गृहात ठेवण्याची तरतूद केली. या व्याख्येत खुद्द गाडगे महाराजही सहज बसले असते. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यात (ओल्गा टेलिस) उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला; तथापि सूचना देऊन हटविण्यास मज्जाव केला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याच कायद्याचा मुख्य भाग दिल्लीपुरता रद्द ठरविला.

कुष्ठरोग्यांना तर घर असूनही घराबाहेर काढले जाई. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीनजीक ‘तपोवन’ वसविले, ते अशांसाठीच. रोग बरा झाला तरी घरचे दार बहुधा पुन्हा उघडत नसे. म्हणून उपचारांबरोबर शेती व हातकामही तेथे शिकवावे लागले. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) यांनी टाकून दिलेल्या मतिमंद व अपंग बालकांना स्वतःचे नाव देऊन वाढविले. बालगृहातील मुलांनी अठरा वर्षे पूर्ण होताच बाहेर पडावे, असा कायद्याचा सर्वसाधारण दंडक आहे. ज्यांना रस्ता ओलांडणेही उमगत नाही त्यांना तो लागू करू नये, ही त्यांची शासनाकडे दीर्घकाळची मागणी आहे.