लाल ओक की पांढरा ओक? लाकूड निवडताना ध्यानात घेण्याच्या बाबी

‘ओक’ हे एकाच झाडाचे नाव नाही. ‘क्वेर्कस’ या प्रजातीत जगभरात ४०० हून अधिक जाती मोडतात. लाकडाच्या व्यापारात मात्र लाल ओक आणि पांढरा ओक असे दोन गट प्रामुख्याने ओळखले जातात. युरोपीय ओकचा समावेश पांढऱ्या गटात होतो. पॉलिश चढल्यावर दोन्ही लाकडे सारखीच दिसू शकतात. परंतु पावसात भिजणाऱ्या दरवाजासाठी चुकीचे लाकूड निवडले गेल्यास चौकट अकाली कुजते आणि खर्च वाया जातो.

या फरकाचे मूळ लाकडाच्या रचनेत आहे. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातील जलवाहिन्या ‘टायलोसिस’ नावाच्या पेशीय फुगवट्यांनी बंद होतात. त्यामुळे त्यात पाणी सहज शिरत नाही. मद्य मुरवण्याची पिंपे याच गटातील लाकडाची बनवली जातात. लाल ओकमध्ये या वाहिन्या बहुधा खुल्या राहतात. त्याच्या लहान तुकड्याच्या एका टोकाने फुंकल्यास दुसऱ्या टोकाने हवा बाहेर पडू शकते. पॅरिसमधील नोत्र दाम कॅथेड्रलचे छप्पर २०१९ च्या आगीत नष्ट झाल्यानंतर त्याचा सांगाडा व मनोरा उभारण्यासाठी फ्रान्समधील सुमारे २,००० ओकवृक्ष वापरण्यात आले.

कठीणपणात मोठा फरक नाही. जान्का कसोटीत अमेरिकी लाल ओकची नोंद सुमारे १,२९०, तर पांढऱ्या ओकची सुमारे १,३६० पाउंड-बल आहे. त्यामुळे घरातील टेबल, कपाट किंवा जमिनीच्या फळ्यांसाठी लाल ओकही पुरेसा ठरतो. तो सहसा स्वस्तही असतो.

आकसण्याचे प्रमाण मात्र वेगळे आहे. ओले लाकूड पूर्ण सुकेपर्यंत वलयांच्या दिशेने लाल ओक सुमारे ८.६ टक्के, तर पांढरा ओक सुमारे १०.५ टक्के आकसतो. केंद्राकडून सालीच्या दिशेने हेच प्रमाण अनुक्रमे ४ व ५.६ टक्के आहे. म्हणूनच वलयांना काटकोनात चिरलेली फळी कमी वाकते. दमट हवेच्या प्रदेशात भट्टीत वाळवलेले लाकूड घ्यावे आणि दिलह्यांना फुगण्यापुरती जागा ठेवावी.

वखारीत केवळ रंगावर विसंबणे धोक्याचे असते. फळीवरील किरणरेषा लाल ओकमध्ये आखूड, तर पांढऱ्यात लांब असतात. सोडियम नायट्राइटचे द्रावण लावल्यास पांढऱ्या ओकच्या गाभ्याचे लाकूड गडद निळसर-काळे होते. लाल ओकचा रंग फारसा बदलत नाही. दोन्हींत टॅनिन असल्याने ओलाव्यात लोखंडी खिळ्यांभोवती काळे डाग पडतात. तेथे पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत.

हिमालयात आढळणारा बांज हाही ओकच आहे. मात्र त्याचे लाकूड वाळताना वाकते व तडकते. त्यामुळे त्याचा उपयोग फर्निचरपेक्षा जळण, चारा व शेतीच्या अवजारांसाठी अधिक होतो.

थोडक्यात, दरवाजे, खिडक्या व बागेतील बाकांसाठी पांढरा ओक, तर कोरड्या जागेतील फर्निचरसाठी लाल ओक योग्य ठरतो.