पंचनामा नसलेली आपत्ती

नैसर्गिक संकट आणि आर्थिक संकट यांत प्रशासनाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. पहिले डोळ्यांना दिसते, त्याचा पंचनामा होतो. दुसऱ्यात पंचनाम्यासाठी एखादी पडकी भिंतही मिळत नाही. हा फरक १९४२-४३ च्या बंगालमध्ये मला सर्वाधिक स्पष्ट दिसतो.

१६ ऑक्टोबर १९४२ रोजी मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले. समुद्र गावांत शिरला, उभे भातपीक गेले, हजारो माणसे दगावली. मदतीस विलंब झाला; पण नुकसान कोठे व केव्हा झाले, याविषयी संदेह नव्हता.

त्यानंतरचे संकट निराळे होते. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्यात घाऊक तांदूळ मणाला १३-१४ रुपये होता. ऑगस्ट १९४३ मध्ये तो ३७ रुपयांवर गेला. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, युद्धखर्चाने चलन फुगले होते, साठेबाजी बोकाळली होती. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार १९४३ चा धान्यपुरवठा १९४१ पेक्षा अधिकच होता. शेतमजूर, मच्छीमार व कारागीर यांची कमाई मात्र भावांना गाठू शकली नाही. वुडहेड आयोगाने १९४५ मध्ये मृतांचा अंदाज १५ लाख दिला. नंतरचे काही अंदाज ३० लाखांपर्यंत जातात.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितांत भाववाढ आणि लोकांची भटकंती ही धोक्याची लक्षणे म्हणून नोंदलेली होती. तरीही बंगाल सरकारने संहितेनुसार दुष्काळ जाहीर केला नाही. कारण जाहीर करताच ठरलेला शिधा देणे बंधनकारक झाले असते. वादळाला सरकारच्या कबुलीची गरज नसते. आर्थिक संकटाची मदत मात्र त्या कबुलीवाचून सुरूच होत नाही.

महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या अनेक वाचकांच्या घरी १९७२ च्या दुष्काळातील खडी आणि सुकडीच्या आठवणी असतील. पाऊस पाडणे शासनाच्या हाती नव्हते, मजुरी देणे होते. मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि काम मागणे हा हक्क ठरला.

म्हणून मला वाटते, तहसील कचेरीत पर्जन्यमापकाच्या नोंदीशेजारी धान्याचा भाव आणि दिवसाची मजुरीही लिहिलेली असावी. त्या दोन आकड्यांतील वाढते अंतर हाच आर्थिक आपत्तीचा पंचनामा होय.