जात कोणत्या हाडात असते?

माणसाच्या चेहऱ्यात १४ हाडे असतात. नाकाची दोन, गालांची दोन, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापाशी नखाएवढी दोन, वरच्या जबड्याची दोन, टाळूची दोन, नाकाच्या पोकळीत वळलेली दोन, नाकाच्या पडद्यातले एक आणि खालच्या जबड्याचे एक. ती डोळ्यांना आधार देतात, घास चावायला लावतात, श्वासाला वाट देतात. ब्राह्मणाच्या चेहऱ्यात ही १४ आणि महाराच्या चेहऱ्यातही १४च. मग जात यांपैकी कोणत्या हाडात असते?

प्रश्न थट्टेचा वाटेल. परंतु ब्रिटिश साम्राज्याच्या एका अधिकाऱ्याने तो गंभीरपणे विचारला आणि उत्तरही दिले: नाकात!

हर्बर्ट रिस्ली हा बंगालमधील सनदी नोकर. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे आणि शंभराने गुणायचे. येईल तो नासिका-निर्देशांक. ७० च्या आत असेल तर नाक अरुंद, ८५ च्या वर गेला तर बसके. बंगालच्या जातीजमातींची अशी मोजमापे त्याने १८९१ मध्ये छापली आणि नियम बांधला: जातीचे नाक जितके रुंद, तितका तिचा सामाजिक दर्जा खालचा. हाच गृहस्थ १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त झाला आणि जातींची उतरंड सरकारी कागदावर चढली. मनूला जे धर्माच्या नावाने सांगावे लागले, ते आता विज्ञानाच्या नावाने सांगता येऊ लागले.

हे विज्ञान किती पक्के होते? जिवंत माणसाच्या नाकाची रुंदी नाकपुड्यांपाशी मोजतात. तिथे हाड नसतेच. कूर्चा आणि मांस असते. नाकाची हाडे वर, चष्मा टेकतो तिथे. शिवाय नाकाचे काम कुळाची प्रतिष्ठा राखणे नव्हे. फुप्फुसात जाणारी हवा उबदार आणि ओलसर करणे हे आहे. थॉमसन आणि बक्स्टन यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले की थंड, कोरड्या प्रदेशांत नाके अरुंद आणि उष्ण, दमट प्रदेशांत रुंद आढळतात. नाकाच्या आकाराला पूर्वजांच्या हवामानाचा संदर्भ आहे, मनुस्मृतीचा नाही.

बाबासाहेबांनी या मोजपट्टीचा समाचार तिच्याच आकड्यांनी घेतला. जातिभेद म्हणजे वंशभेद नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची ती सामाजिक विभागणी आहे, हे त्यांनी १९३६ मध्येच मांडले होते. १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात त्यांनी ऋग्वेदातला 'अनास' हा शब्द तपासला. मॅक्स म्युलरने त्याचा अर्थ 'बिननाकाचे' असा केला, तर सायणाचार्यांनी 'बिनतोंडाचे', म्हणजे चांगली वाणी नसलेले, असा केला. बाबासाहेबांनी सायणांचा अर्थ ग्राह्य धरला आणि बसक्या नाकाच्या दस्यूंची कथा निराधार ठरली. पुढे १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी घुर्ये यांची मोजमापे पुढे ठेवली. त्यांनुसार संयुक्त प्रांतातला ब्राह्मण शरीराने पंजाबातल्या अस्पृश्य चुहड्याच्या जितका जवळ आहे, तितका स्वतःच्या प्रांतातल्या, क्षत्रिय सोडता, कोणत्याही जातीच्या जवळ नाही. ब्राह्मण आर्य असेल तर अस्पृश्यही आर्य आणि ब्राह्मण द्रविड असेल तर अस्पृश्यही द्रविड, हा त्यांचा निष्कर्ष.

हे आज सांगण्याचे कारण आपल्यातच आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त आर्यांच्या स्वारीची कथा ब्राह्मणी वर्चस्वावरच उलटवली. त्या काळी ते शस्त्र मोलाचे होते. पण आजही आपले काही कार्यकर्ते रक्ताची आणि वंशाची भाषा अभिमानाने बोलतात. ती रिस्लीची मोजपट्टी आहे. ती उलटी धरली तरी मोजपट्टीच राहते. जात हाडात असेल तर ती कधीच मोडता येणार नाही, कारण हाडे जन्माने मिळतात. जात माणसांनी केली आहे म्हणूनच माणसांना ती मोडता येते.

प्राध्यापकांच्या खोलीत एका सहकाऱ्याने मला एकदा प्रेमाने म्हटले होते, "सर, तुम्ही त्यातले वाटत नाही हो!" त्यांच्या हातात मोजपट्टी नव्हती. ती त्यांच्या डोळ्यांत होती.